रे नगर, कुंभारी : अडीच लाखांचे अनुदान आणि वरचे साडेतीन लाख

सोलापुरात गरिबांच्या घरांची गोष्ट निघाली की अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीचे नाव येतेच. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात अठरा वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या वसाहती लोकांच्या ताब्यात आल्या. पहिली गोदूताई परुळेकर यांच्या नावाची, विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांची. तिचे हस्तांतरण २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. दुसरी रे नगर, तीस हजार घरांची. तिची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी झाली आणि पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी लाभार्थ्यांना मिळाली. दोन्ही वेळा पंतप्रधान नरेंद्र मोदी हजर होते. दोन्ही प्रकल्पांमागे आडम मास्तर, म्हणजे माजी आमदार नरसय्या आडम, आणि त्यांची कामगार संघटना. सरकारे बदलली, योजनांची नावे बदलली, पण मागणारे तेच आणि मागणीही तीच राहिली.

या दोन प्रकल्पांच्या हिशेबाचे कागद शेजारी ठेवले की एक गोष्ट लगेच दिसते, आणि बातम्यांत ती सहसा येत नाही.

गोदूताई वसाहतीतले घर ६०,००० रुपयांचे होते. २०,००० केंद्राचे, २०,००० राज्याचे, २०,००० कामगार बाईचे. रुपयातले जवळपास सदुसष्ट पैसे सरकारचे. रे नगरचा मंजूर खर्च १,८११.३३ कोटी आणि केंद्र व राज्याची मिळून मदत ७५० कोटी. तीस हजार घरांनी भागले तर एका घराला सुमारे ६,०३,८०० रुपये खर्च येतो आणि अनुदान मिळते २,५०,००० : केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख. म्हणजे रुपयातले एक्केचाळीस पैसे. अनुदानाचा आकडा सव्वासहा पटींनी वाढला, घराची किंमत दहा पटींनी. वीस हजारांच्या जागी लाभार्थ्याच्या वाट्याला साडेतीन लाखांहून जास्त रक्कम आली.

त्यामुळे या प्रकरणाचा अभ्यास अनुदानापासून नव्हे, या साडेतीन लाखांपासून सुरू करायला हवा. अनुदान सगळ्यांना सारखे आणि ठरलेले. योजना तरते की अडकते, हे वरची रक्कम कुणाकडून, कधी आणि कोणत्या तारणावर येते यावर ठरते.

कोणत्या दारातून शिरायचे

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली तेव्हा तिला चार घटक होते : झोपडपट्टीचा जागच्या जागी पुनर्विकास, कर्जाच्या व्याजावर अनुदान, भागीदारीतून परवडणारी घरे, आणि स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला मदत. रे नगरची घरे या योजनेतली. सोलापुरातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विडी कामगाराकडे, यंत्रमाग कामगाराकडे, कचरावेचक किंवा रिक्षाचालकाकडे स्वतःची जागा नाही, म्हणून चौथा घटक बाद. भाडेकरू विखुरलेले, म्हणून पहिलाही बाद. उरले दोन.

व्याज अनुदानाचा घटक कागदावर आकर्षक दिसायचा. आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के दराने, वीस वर्षांच्या हिशेबाने, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार रुपये मुद्दलात जमा होत. पण ती कमाल रक्कम सहा लाखांचे कर्ज मिळणाऱ्याला. तीन लाखांचेच कर्ज मिळाले तर अनुदानही निम्मे, म्हणजे सुमारे १ लाख ३३ हजार. ज्याला बँक मोठे कर्ज देते त्यालाच मोठे अनुदान, हा त्या घटकाचा स्वभाव होता. दुर्बल गटासाठी तो ३१ मार्च २०२२ रोजी बंदही झाला. भागीदारीच्या घटकात कर्ज कितीही असो, केंद्राचे दीड लाख ठरलेले आणि राज्याचा एक लाख वर. तीन लाखांचे कर्ज घेणाऱ्या कुटुंबाला हाच रस्ता सव्वा लाखाच्या आसपास फायद्याचा.

इथे एक गैरसमज अनेक वस्त्यांमध्ये भेटतो : भागीदारीच्या घटकातून घर घेऊ आणि त्याच्या कर्जावर व्याज अनुदानही घेऊ. तसे होत नाही. एका कुटुंबाला एकाच घटकाचा लाभ. दोन ठिकाणी अर्ज भरले तर आधार क्रमांक जुळतो आणि एक अर्ज बाद होतो, कधी कधी दोन्ही अडकतात.

भागीदारीच्या प्रकल्पाच्या अटी अशा होत्या : किमान २५० घरे, त्यांपैकी किमान ३५ टक्के आर्थिक दुर्बल घटकासाठी, घराचे चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत (सुमारे ३२० चौरस फूट), आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत. रे नगरने या अटींचा पुरेपूर वापर केला. ८३४ इमारती, प्रत्येकीत ३६ सदनिका. खासगी विकसक अशा प्रकल्पात पस्तीस टक्के घरे दुर्बल घटकाला देऊन उरलेल्या घरांवर नफा काढतो. कामगारांच्या संस्थेला नफा काढायचाच नसतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा की महाग घरे विकून स्वस्त घरांचा भार हलका करण्याची सोयही तिच्याकडे नसते. प्रत्येक घराने आपला खर्च आपणच भरून काढायचा.

यादी

सगळ्यात किचकट काम यादीचे, आणि तेच सगळ्यात कमी लेखले जाते. अनुदान सदनिकेला मिळत नाही, नावाला मिळते. प्रत्येक नावामागे आधार, बँक खाते, उत्पन्नाचा दाखला किंवा स्वयंघोषणा आणि 'भारतात कुठेही कुटुंबाच्या नावे पक्के घर नाही' असे प्रतिज्ञापत्र लागते.

कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. मात्र २०१५ च्या या योजनेत कमावते प्रौढ अपत्य, लग्न झालेले असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब धरता येत होते, जर त्याच्या नावे पक्के घर नसेल तर. विडी कामगारांच्या घरात याचा फार उपयोग होता. आईबरोबर विड्या वळणारी, माहेरी परतलेली किंवा लग्न न झालेली तिशीतली मुलगी स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत होती. घर कर्त्या बाईच्या नावे किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावे असावे लागते. घरात प्रौढ स्त्री नसेल तरच एकट्या पुरुषाच्या नावे.

यादी मंजूर होऊन घर हातात यायला वर्षे लागतात. रे नगरमध्ये पायाभरणीपासून पहिल्या निम्म्या घरांपर्यंत पाच वर्षे लागली आणि मध्ये कोविड येऊन गेला. पाच वर्षांत तीस हजार कुटुंबांमध्ये मृत्यू होतात, लग्ने होतात, माणसे हैदराबादला किंवा भिवंडीला जातात, कुणाच्या नावावर गावाकडचे वडिलोपार्जित घर चढते. प्रत्येक बदलासाठी नाव वगळण्याचा अर्ज, बदली नाव, त्याची पुन्हा पडताळणी. म्हणून मंजूर संख्येच्या निदान दहा टक्के जास्त नावांची प्रतीक्षायादी कागदपत्रांसह तयार ठेवावी, आणि दर सहा महिन्यांनी सभासदांकडून 'बदल नाही' अशी एक ओळ सहीनिशी घ्यावी. ऐनवेळी रिकामी राहिलेली सदनिका म्हणजे अडीच लाखांचे अनुदान थांबले आणि बांधकामाचे सहा लाख मात्र झाले.

पैसे येतात कसे

केंद्राचा वाटा ४०, ४० आणि २० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो, आणि तोही थेट बांधकामाच्या जागेवर नाही. प्रकल्पाचा सविस्तर अहवाल राज्याच्या छाननी समितीकडे, मग राज्यस्तरीय मंजुरी समितीकडे, मग केंद्राच्या मंजुरी समितीकडे जातो. मंजुरीनंतर पैसे केंद्राकडून राज्याकडे आणि पुढे अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेकडे येतात. महाराष्ट्रात राज्यस्तरीय समन्वय यंत्रणा म्हणजे म्हाडा. दुसरा हप्ता पहिल्याच्या सत्तर टक्के खर्चाचे प्रमाणपत्र दिल्यावर, तिसरा घरे मूलभूत सोयींसह पूर्ण झाल्यावर.

रे नगरच्या आकारावर हे मांडून पाहा. केंद्राचा एकूण वाटा ४५० कोटी, म्हणजे हप्ते १८०, १८० आणि ९० कोटींचे. पहिला हप्ता पूर्ण हातात आला तरी प्रकल्पाच्या खर्चाचा दहावा हिस्सा भरत नाही. आणि शेवटचे ९० कोटी काम संपल्यावर येणार, म्हणजे ते काम आधी दुसऱ्या कुणाच्या तरी पैशांनी संपवावे लागणार. कंत्राटदार तो पैसा गुंतवतो तेव्हा त्याचे व्याज निविदेच्या दरात धरलेलेच असते. संस्थेने गुंतवायचा तर तो सभासदांच्या हप्त्यांतूनच. काम मध्येच मंदावण्याचे पहिले कारण सिमेंट किंवा मजूर नसून हेच असते : खर्च सत्तर टक्क्यांवर आलेला आहे, प्रमाणपत्र गेलेले आहे आणि दुसरा हप्ता अजून वाटेत आहे. किमान सहा महिन्यांचे बांधकाम चालेल एवढी रक्कम सभासदांच्या वाट्यातून आधी जमवल्याशिवाय पायाचे खोदकाम सुरू करू नये.

साडेतीन लाखांचे काय

समजा एका सभासदाने ५४ हजार स्वतःचे भरले आणि तीन लाखांचे कर्ज घेतले. नऊ टक्के व्याज धरले तर वीस वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे २,७०० रुपये आणि एकूण परतफेड साडेसहा लाखांच्या जवळ जाते. पंधरा वर्षांसाठी हप्ता ३,०४३, पण एकूण परतफेड साडेपाच लाखांच्या जवळ. महिन्याला साडेतीनशे रुपये जास्त भरले तर लाखभर रुपये वाचतात. भाड्याच्या खोलीचे पैसे वाचणार असतील तर पंधरा वर्षांचा पर्याय आधी तपासावा.

पण भाडे लगेच वाचत नाही. बांधकाम चालू असताना कर्ज टप्प्याटप्प्याने सुटते आणि सुटलेल्या रकमेवर नुसते व्याज सुरू होते. एक लाख सुटले असतील तर नऊ टक्क्यांनी महिन्याला ७५० रुपये. ताबा दोन वर्षे लांबला तर १८,००० रुपये गेले, मुद्दल एका रुपयाने कमी झाले नाही, आणि खोलीचे भाडे चालूच. या दुहेरी ओझ्यामुळे नावे गळतात. गळणारे बेफिकीर नसतात. त्यांनी मोजलेले दिवस चुकलेले असतात. शक्यतो स्वतःचा वाटा आधी पूर्ण वापरावा आणि बँकेचे पैसे छत टाकून झाल्यानंतर उचलावेत.

बँकेच्या टेबलावर कामगार आणि कामगार सारखे नसतात. विडी कामगार घरी बसून विड्या वळतो, पण तो नोंदलेला असतो : ओळखपत्र असते, भविष्यनिर्वाह निधीचे खाते असते, पानतंबाखू देऊन विड्या मोजून घेणाऱ्या ब्रँचच्या वहीत नाव असते. बाद ठरवलेल्या विड्यांमुळे उत्पन्न खालीवर होते, तरी खात्यातली वर्गणी पाहून बँकेला अंदाज बांधता येतो. कचरावेचक बाईकडे यातले काहीच नाही. तिच्यासाठी निदान वर्षभर आधीपासून एकाच बँक खात्यात, रक्कम लहान असली तरी ठरलेल्या तारखेला, बचत भरण्याची सवय लावावी. बारा महिन्यांची ती नोंद हाच तिचा पगाराचा कागद.

भविष्यनिर्वाह निधीबाबत एक तरतूद फार कमी कामगारांपर्यंत पोचली. २०१७ मध्ये त्या योजनेत परिच्छेद ६८ बीडी घातला गेला. निधीचे किमान दहा सभासद मिळून गृहनिर्माण संस्था करत असतील आणि तीन वर्षांचे सभासदत्व झाले असेल, तर शिलकीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम घरासाठी काढता यावी, आणि दरमहाच्या वर्गणीतून कर्जाचा हप्ता परस्पर वळवता यावा, अशी ती सोय होती. कामगारांच्या संस्थेसाठीच कापून ठेवलेला सदरा म्हणावा असा नियम. अडचण कुठे? खात्यावरचे नाव 'लक्ष्मी', आधारवर 'लक्ष्मीबाई', बँकेत सासरचे आडनाव. सोलापुरात तेलुगू आडनावांचे मराठी लेखन तीन प्रकारे होते, ती भर वेगळी. यादी करतानाच सगळीकडची नावे एक करून घेतली नाहीत तर पुढे प्रत्येक खिडकीवर एकेक महिना जातो.

हप्ता, संस्थेची वर्गणी, वीज आणि पाणी मिळून महिन्याला साडेतीन हजारांच्या पुढे जाते. घरात सगळ्यांचे मिळून खात्रीचे बारा हजार येत नसतील, तर त्या कुटुंबाला तीन लाखांचे कर्ज देणे ही मदत नव्हे. अशांसाठी कर्ज कमी आणि स्वतःचा वाटा जास्त कालावधीत, अशी वेगळी सोय संस्थेने पोटनियमांत आधीच करावी.

जमीन आणि पाणी

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांचे नेहमीचे रडगाणे म्हणजे बिल्डर जमिनीचे अभिहस्तांतरण करून देत नाही, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर करत नाही. कामगारांची संस्था स्वतःच जमीन आणते तेव्हा हा प्रश्न पहिल्या दिवसापासून नसतो, आणि सहकारातून घर घेण्याचा सर्वांत मोठा फायदा मला तरी हाच वाटतो. सातबाऱ्यावर संस्थेचे नाव, बिगरशेती आदेश आणि रेखांकन मंजुरी हे तीन कागद हातात असल्याशिवाय सभासदांकडून जमिनीपोटी पैसा घेऊ नये. दस्त नोंदवताना आवास योजनेतल्या दुर्बल घटकाच्या घराला मुद्रांक शुल्क एक हजार रुपये आहे. ते पाच-सहा टक्क्यांनी भरून बसलेली माणसे आहेत, म्हणून दस्तातच योजनेचा उल्लेख करून घ्यावा. जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे राहणार असतील, तर बँक सभासदाच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) बोजा आणि संस्थेचे ना-हरकत पत्र मागते. त्याचा नमुना बँकेशी एकदाच ठरवावा, तीस हजार वेळा नव्हे.

स्वस्त जमीन शहराबाहेर असते, आणि शहराबाहेर नळ नसतो. तीस हजार घरे, घरटी पाच माणसे धरली तर दीड लाख लोक, म्हणजे एक मध्यम शहर, एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत. मलनिस्सारण असलेल्या शहरासाठी माणशी १३५ लिटरचे मानक लावले तर रोज दोन कोटी लिटर पाणी. खुद्द सोलापुरात काही दिवसांआड पाणी येते, हे लक्षात घेतले की हा आकडा किती जड आहे ते कळते. घरांच्या खर्चात वसाहतीच्या आतल्या वाहिन्या बसतात. बाहेरून आणायची जलवाहिनी, सांडपाणी प्रक्रिया, वीज उपकेंद्र आणि जोडरस्ता बसत नाहीत. त्यांचे पैसे वेगळ्या योजनेतून आणि वेगळ्या खात्याकडून येतात, त्यांचे वेळापत्रकही वेगळे. शेवटचा वीस टक्के हप्ता मूलभूत सोयींवर अवलंबून असल्याने नळ लांबला की घराचे पैसेही लांबतात. म्हणून बाहेरच्या पाण्याची प्रशासकीय मान्यता घरांच्या कार्यादेशाच्या आधी मिळवायची असते. नंतर मागे लागून उपयोग नसतो.

पाण्याइतकेच रोजगाराचे. विडीची ब्रँच शहरात राहिली तर बाईला विड्या पोचवायला आणि पाने आणायला अर्धा दिवस लागतो, वर बसभाडे. अर्ध्या दिवसाच्या विड्या गेल्या की हप्त्यातले पैसे गेले. ब्रँच, रेशन दुकान, अंगणवाडी आणि पहिली बस ही चार ठिकाणे ताबा देण्याच्या तारखेलाच चालू असली तर लोक राहायला येतात. नसली तर कुलपे दिसतात आणि मग घरे भाड्याने जातात.

ताब्यानंतर

आदर्श उपविधींप्रमाणे निक्षेप निधीसाठी (सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी पाऊण टक्का दरसाल जमवायचा असतो. सदनिकेचा बांधकाम खर्च पाच लाख धरला तर १,२५० आणि ३,७५०, म्हणजे महिन्याला ४१७ रुपये. ३६ घरांच्या इमारतीचे वर्षाला एक लाख ऐंशी हजार होतात. पहिल्या दोन वर्षांत इमारत नवी असते आणि वर्गणी कुणालाच गरजेची वाटत नाही. गच्ची गळायला लागते तेव्हा निधी रिकामा असतो. तीस हजार घरांची एकच संस्था ही वसुली करू शकत नाही. इमारतनिहाय समिती, तिचे वेगळे खाते आणि वर फक्त पाणी, रस्ते, दिवे पाहणारा संघ, अशी दोन मजली रचना चालते. छत्तीस घरांत कोण अडचणीत आहे आणि कोण टाळतो आहे हे जिन्यात कळते. तीस हजारांत फक्त थकबाकीचा तक्ता कळतो.

शेवटी वयाचा प्रश्न, जो अर्ज भरताना कुणी विचारत नाही. अनेक वर्षे वाट पाहिलेल्या विडी कामगार बायकांपैकी बऱ्याच जणी ताबा मिळेपर्यंत पन्नाशी ओलांडतात. पन्नाशीच्या अर्जदाराला बँक सहसा वीस वर्षांची मुदत देत नाही. मुलाला सहकर्जदार करून घ्या म्हणते. मुलगा कर्जात आला की काही घरांत तो घरावरही हक्क सांगू लागतो. सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे, हे वाटपपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे. कर्जासोबत मृत्यूचे विमा संरक्षण घ्यावे, नाहीतर बाईमागे हप्ता तसाच राहतो. नामनिर्देशनाचा फॉर्म ताबापावतीबरोबरच भरून घ्यावा, आणि भरताना हेही सांगावे की २०१९ च्या दुरुस्तीनंतर नामनिर्देशित व्यक्ती फक्त तात्पुरती सभासद होते. घर वारसाहक्काप्रमाणेच जाते. ज्या बाईला घर धाकट्या मुलीलाच द्यायचे आहे, तिने मृत्युपत्र करावे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर, तेलुगूत लिहिले तरी चालते.